तुरुंगाचें दार आणि मैदानाचें दार

शिक्षा भोगून बाहेर आलेल्या मनुष्याचें पुढें काय होतें, हा प्रश्न आपल्या समाजांत सहसा विचारला जात नाहीं. न्यायाधीशानें निकाल दिला कीं वर्तमानपत्रांचें कुतूहल संपतें. आणि तुरुंगाचें दार उघडेल त्या दिवशीं बाहेर उभा असतो तो बहुधा एखादा म्हातारा बाप किंवा धाकटा भाऊ. पुढील आयुष्य तो मनुष्य कोणत्या तोंडानें आणि कोणाच्या आधारानें कंठतो, हें त्याचें त्यालाच ठाऊक. ज्याचा धंदाच हजारों लोकांच्या डोळ्यांसमोर चालतो, त्याच्या बाबतींत मात्र हें सारें झांकून राहत नाहीं. म्हणून इंग्लंडमधील कांहीं धंदेवाईक फुटबॉलपटूंची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. खेळाची गोडी नसलेल्या वाचकांनींही ती वाचावी, अशी आमची विनंति आहे. कारण तिच्यांत चेंडूपेक्षां मनुष्यस्वभावाचा भाग अधिक आहे.

वेतन घेऊन फुटबॉल खेळण्यास इंग्लंडांत १८८५ सालीं रीतसर मान्यता मिळाली. तेव्हांपासून तो तेथें पोटाचा धंदा आहे, आणि धंदा मोठा अल्पायुषी आहे. मुलगा पंधराव्या-सोळाव्या वर्षीं एखाद्या क्लबांत उमेदवारी करूं लागतो, विशीच्या आसपास नांवारूपास येतो आणि पस्तिशीला पाय थकले कीं घरीं बसतो. वकिलाला किंवा वैद्याला साठाव्या वर्षींही आपला व्यवसाय करतां येतो. ह्या लोकांची सारी कमाई पंधरा-वीस वर्षांच्या आंतली. त्यांतून चार महिने गेले तरी नुकसान मोठें. सात वर्षें गेलीं तर सारें संपलेंच.

अशीं सात वर्षें ज्यांचीं गेलीं, त्यांची गोष्ट आधीं सांगूं. १ डिसेंबर १९६२ रोजीं शेफील्ड वेन्सडे आणि इप्सविच टाउन ह्या दोन क्लबांचा सामना होता. शेफील्डच्या पीटर स्वॉन, डेव्हिड लेन आणि टोनी के ह्या तिघां खेळाडूंनीं आपलाच संघ हरेल अशी प्रत्येकीं ५० पाउंडांची पैज लावली. जिमी गॉल्ड नांवाचा एक जुना खेळाडू पैजांचें असें जाळें विणीत फिरत होता. हे तिघे त्यांत सांपडले. इप्सविचनें सामना २-० असा जिंकला. गंमत अशी कीं, त्या सामन्यांतील उत्तम खेळाडू म्हणून ज्या वर्तमानपत्रानें टोनी केची निवड केली, त्याच ‘द पीपल’ पत्रानें एप्रिल १९६४ मध्यें सारें कारस्थान चव्हाट्यावर आणलें. जानेवारी १९६५ मध्यें नॉटिंगहॅमच्या न्यायालयानें गॉल्डला चार वर्षांची आणि ह्या तिघांना चार-चार महिन्यांची शिक्षा दिली.

सरकारची शिक्षा कांहीं महिन्यांत भोगून झाली. फुटबॉल असोसिएशननें मात्र त्यांना जन्मभर मैदानाबाहेर ठेवण्याचें ठरविलें. स्वॉन इंग्लंडकडून १९ सामने खेळलेला नामांकित खेळाडू होता. के हा १९६३ सालीं अजिंक्यपद मिळविणाऱ्या एव्हर्टन संघांत होता. १९६६ सालीं विश्वचषकाची स्पर्धा खुद्द इंग्लंडांत भरली आणि इंग्लंडनें ती जिंकली. ह्यांच्या वांट्याला त्यांतलें कांहींच आलें नाहीं. १९७२ सालीं बंदी उठली तेव्हां स्वॉन ३५ वर्षांचा झाला होता. जुन्या क्लबानें त्याला आणि लेनला आपुलकीनें परत घेतलें. स्वॉन थोडे सामने खेळलाही. परंतु गेलेला काळ कोण परत देणार? के तर लीगच्या मैदानावर पुन्हां उतरलाच नाहीं.

आतां दुसरी गोष्ट. १९६६ सालीं रॉमफर्ड येथें जन्मलेला टोनी ॲडम्स हा लंडनच्या आर्सेनल क्लबांत लहानाचा मोठा झाला. सतराव्या वर्षीं तो पहिल्या संघांत आला आणि १ जानेवारी १९८८ रोजीं, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षीं, कर्णधार झाला. बचावाच्या फळीचा तो कणा होता. १९८९ सालीं त्याच्या नेतृत्वाखालीं आर्सेनलनें अजिंक्यपद मिळविलें. उमदा, कष्टाळू आणि सोबत्यांसाठीं जीव टाकणारा असा त्याचा लौकिक होता. आणि सामना संपल्यावर तो बेसुमार दारू पीत असे. मे १९९० मध्यें त्यानें साउथएंडजवळ आपली मोटार एका भिंतीवर घातली. कायद्यानें जेवढें मद्य क्षम्य मानलें आहे, त्याच्या चौपटीहून अधिक त्याच्या रक्तांत आढळलें. १९ डिसेंबर १९९० रोजीं त्याला चार महिन्यांची शिक्षा झाली आणि नाताळ त्यानें चेम्सफर्डच्या तुरुंगांत काढला.

निम्मी शिक्षा भोगून फेब्रुवारी १९९१ मध्यें तो सुटला. क्लबानें त्याला काढून टाकलें नाहीं, कर्णधारपदही राखून ठेवलें. तो आंत असतांनाच २ फेब्रुवारी रोजीं आर्सेनल चेल्सीकडून हरलें होतें. त्या सबंध हंगामांतील ३८ लीग सामन्यांत तोच काय तो एक पराभव. ॲडम्स परतला आणि मे महिन्यांत अजिंक्यपदाचा चषक त्यानेंच उंचावला. प्रतिपक्षाचे प्रेक्षक त्याला गाढव म्हणून हिणवीत आणि गाढवासारखे ओरडत. आपले लोक त्याला डोक्यावर घेऊन नाचत.

हीं दोन प्रकरणें शेजारीं ठेवून पाहतां मन कांहींसें चक्रावतें. पन्नास पाउंडांच्या पैजेंत कोणाच्या जिवाला धोका नव्हता. दारूच्या धुंदींत चाललेल्या मोटारीखालीं मात्र कोणाचेंही मूल सांपडलें असतें. तें सांपडलें नाहीं, हा केवळ दैवाचा भाग. तरीही पैज लावणाऱ्यांना मैदान जन्मभर बंद झालें आणि मोटार हांकणाऱ्याला तें दोन महिन्यांत उघडलें. ह्याचें कारण उघड आहे. खेळाडूच पैज लावून हरूं लागले तर सामना पाहावयास येणार कोण? तेथें खेळाच्या मुळावरच घाव होता. रस्त्यावरचा अपराध खेळाच्या बाहेरचा, आणि अपराधी संघाला हवा होता. प्रत्येक धंदा आपल्या घराला आग लागली म्हणजे जागा होतो. शेजाऱ्याच्या घराविषयीं त्याची क्षमाबुद्धि मोठी उदार असते.

पण ॲडम्सला परत घेतलें हें चुकलें काय? आम्हांला तसें वाटत नाहीं. शिक्षा भोगलेल्या मनुष्याला त्याचें काम नाकारणें म्हणजे न्यायाधीशानें न दिलेली दुसरी शिक्षा आपण होऊन देणें होय. चूक झाली ती निराळीच. दार उघडलें, चषक आला, टाळ्या झाल्या आणि मूळ रोगाविषयीं कोणीं अवाक्षर काढलें नाहीं. तुरुंगांतले दोन महिने हा एक अपघात होता आणि तो आतां मिटला, असें सर्वांनीं धरून चालावें, तसें झालें. ॲडम्स पूर्वीसारखाच पीत राहिला. १९९३ सालीं त्यानें एकाच वर्षांत दोन चषक जिंकले, १९९४ सालीं युरोपांतला एक जिंकला; आणि रात्रीं धडपडून कपाळाला टांके पडण्याचे प्रसंगही आले. जोंवर तो शनिवारीं खेळत होता तोंवर सोमवारीं त्याला विचारणारें कोणी नव्हतें.

आपल्या वाल्याची कथा येथें आठवते. त्याच्या घरच्यांनीं त्याला निदान खरें उत्तर दिलें: पापांत आम्ही वांटेकरी नाहीं. त्या कठोर उत्तरानेंच त्याचे डोळे उघडले. ॲडम्सच्या कीर्तींत वांटा घेणारे हजारों होते, आणि असें उत्तर देणारा एकही पुढें आला नाहीं. शेवटीं तें त्याचें त्यालाच द्यावें लागलें. १९९६ च्या उन्हाळ्यांत युरोपीय स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यांत तो इंग्लंडचा कर्णधार होता. जर्मनीकडून पराभव झाला आणि त्यानंतर कित्येक आठवडे तो दारूंत बुडून गेला. ऑगस्टमध्यें त्यानें शेवटचा पेला खालीं ठेवला. सप्टेंबरमध्यें, आपण मद्याचे गुलाम आहों, हें त्यानें जाहीरपणें सांगून टाकलें. त्याच संघांतील पॉल मर्सन ह्यानें दोन वर्षें आधीं आपल्या व्यसनांची अशीच कबुली दिली होती. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ह्या मंडळीच्या बैठकींना ॲडम्स जाऊं लागला, पियानो शिकूं लागला, पुस्तकें वाचूं लागला. त्याच सुमारास आर्सेन वेंगर हे नवे व्यवस्थापक आले आणि त्यांनीं खेळाडूंच्या खाण्यापिण्याला शिस्त लावली.

ह्यानंतरचीं सहा वर्षें त्याच्या आयुष्यांतलीं उत्तम वर्षें ठरलीं. तिशी उलटलेल्या ह्या कर्णधारानें १९९८ आणि २००२ ह्या दोन्ही सालीं लीग आणि एफ. ए. चषक एकदम जिंकले. आर्सेनलसाठीं ६६९ आणि इंग्लंडसाठीं ६६ सामने खेळून तो २००२ सालीं निवृत्त झाला. २००० सालीं त्यानें ‘स्पोर्टिंग चान्स’ नांवाची संस्था काढली. दारू, अमली पदार्थ आणि जुगार ह्यांत सांपडलेल्या खेळाडूंवर तेथें उपचार होतात. २०११ सालीं आर्सेनलच्या मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. चार महिन्यांच्या शिक्षेनें जें साधलें नाहीं, तें एका कबुलीनें साधलें.

सर्वच गोष्टींचा शेवट असा गोड होत नाहीं. ली ह्यूज ह्या खेळाडूच्या मोटारीनें नोव्हेंबर २००३ मध्यें अपघात होऊन दुसऱ्या मोटारींतील एक गृहस्थ मृत्यु पावला, आणि ह्यूज तेथून पळून गेला. त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली व त्याच्या क्लबानें त्याला बडतर्फ केलें. २००७ सालीं सुटल्यावर ओल्डहॅम ॲथलेटिक क्लबानें त्याला घेतलें, आणि पुढें तो कित्येक वर्षें गोल करीत राहिला. त्याला काम देऊं नये असें आम्ही म्हणणार नाहीं. मनुष्य उपाशी ठेवल्यानें मेलेला परत येत नाहीं. परंतु त्याच्या गोलावर मैदान जल्लोष करीत असतां ज्या घरांतला कर्ता मनुष्य गेला, त्या घरीं तो आवाज कसा ऐकूं येत असेल, ह्याचाही विचार झाला पाहिजे. मेलेल्याच्या वतीनें क्षमा करण्याचा अधिकार कोणत्याही क्लबाला नाहीं. काम देणें ही एक गोष्ट, आणि जणूं कांहीं घडलेंच नाहीं असें वागणें ही दुसरी.

एवढ्या दूरच्या हकीकतीशीं आपल्या घरांचा संबंध काय, असें कोणी विचारील. मिळवता मुलगा रात्रीं झोकांड्या देत घरीं येतो. आई दार हळूच उघडते, वहिनी ताट झांकून ठेवते, वडील वर्तमानपत्रांतून मान वर काढीत नाहींत. कुळाची अब्रू म्हणून सारे गप्प. पुढें तोच मुलगा चारचौघांत पडला, पोलिसांपर्यंत प्रकरण गेलें, कीं तेंच घर त्याला दार बंद करतें. आधीं मौन आणि मागाहून बहिष्कार, अशा दोन टोंकांमध्यें त्याला सांवरणारा शब्द कोणाकडून मिळतच नाहीं. पुण्यास १९८६ पासून मुक्तांगणासारखी व्यसनमुक्तीची संस्था चालू आहे. तेथें जाण्यासाठीं कोणाला तुरुंगांत जाऊन यावें लागत नाहीं. घरांत कोणीतरी एकानें तोंड उघडावें, आणि तें मुलगा शुद्धीवर असतांना, प्रेमानें व स्पष्टपणें उघडावें, एवढेंच लागतें. ज्या घरांत हें बोलणें वेळेवर होतें, तेथें म्हाताऱ्या बापाला तुरुंगाच्या दाराशीं जाऊन उभें राहण्याची पाळी बहुधा येत नाहीं.