पाळी गेली, कंबर वाढली

महामार्गानं जाणाऱ्याला नांदुरा आलं हे सांगावं लागत नाही. 105 फुटांचा मारुती लांबूनच दिसतो. बळाचा देव, पण दंड-बैठका मारायच्या त्या पोरांनी, असा आपला जुना रिवाज. आता तालमीत मुलीही दिसतात, पण पन्नाशीची आई तिथं कुणाला कल्पनेतही दिसत नाही. शरीरशास्त्राला विचाराल तर घरात बैठकांची सर्वांत जास्त गरज तिलाच आहे, आणि तीही पाळी गेल्याबरोबर.

आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय 46-47 च्या घरात आहे. अमेरिका-युरोपात ते 51 च्या आसपास. म्हणजे इथली बाई आयुष्याचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, इस्ट्रोजेन या संप्रेरकाविना काढते. गर्भपिशवीबरोबर बीजांडकोशही काढले असतील तर हा बदल हळूहळू न येता एका रात्रीत येतो. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याचं 2019 मध्ये विधिमंडळात सांगितलं गेलं, त्यावर गदारोळही झाला. पण त्या बायकांची पुढची वीस-तीस वर्षं कशी जाणार, याची चर्चा फारशी झाली नाही.

इस्ट्रोजेन असेपर्यंत चरबी प्रामुख्यानं मांड्या आणि नितंबांवर साठते. ती दिसते, पण फारशी उपद्रवी नसते. इस्ट्रोजेन ओसरलं की मुक्काम पोटावर हलतो. कातडीखाली तर साठतेच, शिवाय आतड्यांभोवती आणि यकृतातही. ही आतली चरबी स्वस्थ बसत नाही. ती रक्तात स्निग्धाम्लं सोडते, यकृत इन्सुलिनला जुमानेनासं होतं आणि साखर वाढू लागते. अमेरिकेत 1996 पासून तीन हजारांहून जास्त बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. त्यात दिसलं की वाईट कोलेस्टेरॉल शेवटच्या पाळीच्या आगेमागे, वर्षभराच्या काळातच उसळी घेतं. वयानं जेवढं वाढायला हवं, त्याहून हे वेगळं.

‘मी तर बारीक आहे’ असं म्हणून सुटका नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. हाडकुळ्या दिसणाऱ्या भारतीय देहातली ही लपलेली चरबी. त्यावर पाळी जाण्याची भर पडली, की वजनकाटा मुकाट राहतो आणि परकराची नाडी बोलायला लागते. गाठ दरवर्षी थोडी टोकाकडे सरकते. भारतीय स्त्रीसाठी कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत असावा. नाडीनं नव्हे, शिंप्याच्या टेपनं मोजा: कपडे बाजूला करून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर.

आता व्यायाम. नांदुऱ्याच्या आसपास कुठल्याही गावात हा शब्द काढा, उत्तर ठरलेलं: “दिसभर वावरात राबतो, अजून कायचा व्यायाम?” प्रश्न चुकीचा नाही. कपाशीचं निंदण, वेचणी, कमरेच्या झोळीत दिवसभर साठत जाणारा कापूस, यात ऊर्जा खर्च होतेच, आणि तालुक्याच्या गावात दुकानात बसणाऱ्या बाईपेक्षा ही बाई नक्कीच पुढे आहे. पण या कामाला हंगाम आहे. वेचणी आटोपली की मृगापर्यंत कोरडवाहू वावरात बाईला काम थोडं. तणनाशकानं निंदण कमी केलं. जातं गेलं, विहिरीचं पाणी शेंदणं गेलं. या बदलांनी बायकांचे कष्ट वाचले, चांगलंच झालं, पण खांदे आणि दंडांना भार देणारी कामं नेमकी तीच होती. आणि सून आली की सासू वावर सोडते, ते वय बहुधा पाळी जाण्याचंच असतं. राहतं ते वाकून, उकिडवं बसून केलेलं हलकं काम. त्यानं गुडघे आणि कंबर दुखते, स्नायू वाढत नाहीत.

स्नायू कशाला वाढायला हवेत? कारण जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक तेच. एरवी स्नायूच्या पेशीत साखर जायची तर इन्सुलिनचा निरोप लागतो. तो मिळाला की पेशीच्या पोटातले ‘ग्लूट-4’ नावाचे वाहक पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. इन्सुलिन निष्प्रभ झालं की ही वाट अडते. पण स्नायू आकुंचन पावला की हेच वाहक इन्सुलिनचा निरोप नसतानाही वर येतात. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या बाईला ही दुसरी वाट उघडी असते. व्यायाम थांबल्यावरही त्याचा फायदा एक-दोन दिवस टिकतो. त्यापुढे नाही. म्हणून वर्षातून एकदा शेगावची पायी वारी केली, तर गजानन महाराज पावतील. साखरेला मात्र दिवसाआड चालावं लागतं.

किती चालायचं? अमेरिकेत 464 बायकांवर झालेला एक प्रयोग 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या पाळी गेलेल्या, बैठ्या, जाड, रक्तदाब थोडा वाढलेला. सर्वांत कमी व्यायामाच्या गटाला आठवड्याला जेमतेम 72 मिनिटं दिली होती. सहा महिन्यांत त्यांचाही दम वाढला, आणि व्यायाम करणाऱ्या सर्वच गटांची कंबर उतरली. रक्तदाब मात्र हलला नाही; गोळी सोडून चालायला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. सर्वांत जास्त व्यायाम केलेल्यांचं वजन हिशेबानं उतरायला हवं तेवढं उतरलं नाही. ‘महिनाभर चालले, किलोही गेला नाही’ म्हणून चपला कोपऱ्यात टाकणाऱ्या बायका चुकीच्या आकड्याकडे बघत असतात.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालायला सांगते, आणि दोन दिवस स्नायूंना भार द्यायला. ही दुसरी सूचना आपल्याकडे कुणी कानावरच घेत नाही. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या, साधारण पासष्टीच्या बायकांना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास चक्क जड वजनं उचलायला लावली. कण्याच्या हाडाची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली. अर्थात तिथं प्रशिक्षक शेजारी उभा होता; एकदम गव्हाचं पोतं उचलायला जाऊ नका. सुरुवात खुर्चीपासून करा: हाताचा आधार न घेता उठायचं, सावकाश बसायचं, दहा वेळा. मग भिंतीला हात टेकून जोर. मग दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या बाटल्या, पुढं डाळीची पिशवी. सोपं वाटू लागलं की भार वाढवायचा, कारण न वाढणाऱ्या भाराला स्नायू भीक घालत नाही. श्वास रोखू नका. ताटात भाकरीबरोबर घट्ट वरण, दही, शेंगदाणे हवेत. उपासाचा साबुदाणा स्नायू बांधत नाही.

वैशाखात इथं पारा 45 ला टेकतो, अंगातून वाफा निघणाऱ्या बाईला तो दुप्पट जाचतो. तेव्हा सूर्य उगवायच्या आत चाला, किंवा रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं गल्लीतच. जेवणानंतरची साखर आवरायला ती वेळ उत्तमच. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून सुरू करा. छातीत दाब, चक्कर आली तर थांबा आणि त्याच दिवशी दाखवा.

तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशाताईंकडे एक सरकारी फॉर्म असतो. त्यात कमरेच्या घेराचा रकाना आहे: स्त्रीला 80 सेंटिमीटरपर्यंत शून्य गुण, 90 पर्यंत एक, त्यापुढे दोन. आठवड्याला 150 मिनिटं हालचाल होते का, हाही प्रश्न त्यातच. घेराचा रकाना अंदाजानं भरलेला चालणार नाही. पुढच्या खेपेला आशाताई दारात आल्या की त्यांना टेप काढायला सांगा, आणि आकडा लिहिलेला स्वतः पाहा. उपकेंद्रात साखर आणि रक्तदाबाची तपासणी फुकट होते.