‘अजून एकच घास!’

दुपारी कोणत्याही इमारतीच्या जिन्यात क्षणभर थांबावे. एखाद्या तरी दारामागून हे आर्जव ऐकू येतेच. वाटीत वरणभात, समोर मोबाइलवर कार्टून आणि चमचा घेऊन मागे धावणारी आई, नाही तर आजी. ‘मूल जेवतच नाही हो!’ बालवाडीत शिकवताना या तक्रारीइतकी दुसरी कोणतीही तक्रार मी ऐकलेली नाही.

गंमत म्हणजे, घरी तोंड फिरवणारे हेच मूल खाऊच्या सुट्टीत शेजारच्याच्या डब्यातली मेथीची भाजी-पोळी मिटक्या मारीत खाते. त्यात जादू काही नाही. तिथे आग्रह नसतो, चौघे मिळून खातात आणि तासभर बागडल्यामुळे कडकडून भूक लागलेली असते.

घरी आपण नेमके उलट करतो. जेवणाआधी तासभर बिस्किटे आणि दूध देतो आणि मग भूक नाही म्हणून रागावतो. ‘भाजी संपव, मग चॉकलेट देते,’ असे आमिषही दाखवतो. मुलाने यातून काय शिकावे? भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस! खरे तर नवी चव रुचायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा ताटात यावी लागते. आपण मात्र दोन नकारांतच ‘आमच्याकडे दुधी चालत नाही’ असे जाहीर करून मोकळे होतो.

काय आणि केव्हा वाढायचे, हे मोठ्यांनी ठरवावे; किती खायचे, ते मुलाला ठरवू द्यावे. मूल हुंदडत असेल, वजन-उंची वाढत असेल, तर उरलेल्या दोन घासांची चिंता नको. वाढ खुंटल्यासारखी वाटली, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. त्याच वयोगटातील जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते, ते ३.४ टक्क्यांवर गेले. एकाच देशात दोन्ही टोके!

भूक लागायची तर खेळ हवा. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल व्हावी, त्यातला एक तास चांगली दमछाक करणारा असावा आणि पडद्यासमोर बसणे तासाच्या आत राहावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले. त्यासाठी महागडा क्लास नको. लंगडी, शिवाशिवी, डोंगर का पाणी पुरेसे आहे. मंडईतून कोथिंबिरीची जुडी मिरवत चालत येणे, हाही व्यायामच. आणि स्वतः निवडून आणलेली भाजी मूल निदान चाखून तरी पाहते.

पण खेळायचे कुठे? अनेक सोसायट्यांच्या आवारात गाड्यांना जागा आहे आणि मुलांसाठी ‘येथे खेळू नये’ अशी पाटी आहे. पालकहो, पुढच्या सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीबरोबर हाही विषय मांडा. संध्याकाळचा एक तास आणि आवाराचा एक कोपरा मुलांसाठी मागून घ्या. रात्री ताट आपोआप रिकामे होईल.