चिकटला, पण शिरला नाही

प्लेट बर्फावर ठेवलेली आहे. तिच्या शहाण्णव खळग्यांच्या तळाशी पेशींचा पातळ थर आणि वर नुकताच सोडलेला हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू. हूडभोवती अल्कोहोलचा उग्र वास. "आत्ता तो फक्त चिकटलाय. शिरलेला नाही," संशोधक विद्यार्थिनी सांगते. 4 अंशांवर विषाणू पेशीला धरतो, पण तिचा पडदा ओलांडत नाही. या विद्यार्थिनीच्या साऱ्या कामाचं मूळ या फरकात आहे.

50 वर्षांखालच्या सुमारे 380 कोटी लोकांच्या शरीरात एचएसव्ही-1, म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्सचा पहिला प्रकार, मुक्कामाला असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. काहींच्या ओठांवर फोड येतात, क्वचित तो डोळ्यापर्यंत किंवा मेंदूपर्यंत पोहोचतो. "380 कोटी," ती पिपेट हातात असतानाच पुन्हा म्हणते. एकदा शिरलेला हा विषाणू मज्जापेशींमध्ये जन्मभर दडून राहतो, म्हणूनच शिरण्याचा क्षण तिला महत्त्वाचा वाटतो.

चिकटण्याचं काम विषाणूच्या आवरणावरची जीसी आणि जीबी ही प्रथिनं करतात. पेशीवरच्या हेपरान सल्फेट या साखरेच्या साखळ्यांना ती धरतात. ही पकड सैल असते. पुढचं पाऊल आवरणावरच्याच जीडी या प्रथिनाचं, आणि त्याला पेशीवर विशिष्ट ग्राही प्रथिन सापडावं लागतं.

ते कोणतं, हे चिनी हॅमस्टरच्या पेशींमुळे कळलं. या पेशींना विषाणू चिकटायचा, आत मात्र जवळजवळ जात नसे. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पॅट्रिशिया स्पिअर यांच्या गटाने या पेशींमध्ये मानवी जनुकं घातली आणि कोणत्या जनुकाने दार उघडतं ते शोधलं. 1996 मध्ये एचव्हीईएम हाती लागलं, 1998 मध्ये नेक्टिन-1. दोन्ही आपलीच, रोजच्या उपयोगाची प्रथिनं. नेक्टिन-1 तर शेजारच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवतं. विषाणूने त्याचाच फायदा उठवावा, हे पचवणं जड जातं.

प्लेट आता 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये जाते. जीडी ग्राहीला जोडलं की जीडीचा आकार बदलतो. त्यातून जीएच-जीएल या प्रथिनांच्या जोडीला इशारा मिळतो आणि तिच्यामुळे जीबी कामाला लागतं. तिपेडी जीबी लांबतं, समोरच्या पडद्यात रुततं, मग स्वतःवरच दुमडून दोन्ही पडदे जवळ ओढतं. पडदे एक होतात आणि विषाणूचा गाभा आत उतरतो. जीबी नसलेला विषाणू पेशीला चिकटू शकतो, पण शिरू शकत नाही.

बाहेर उरलेले विषाणू आम्लाच्या द्रावणाने निकामी केले जातात. काही तासांनी रंगद्रव्य घातलं की ज्या पेशींमध्ये विषाणू शिरला त्या निळ्या होतात, कारण या विषाणूत मुद्दाम एक जास्तीचं जनुक घातलेलं आहे. रंगहीन पेशींमधली एखादी निळी पेशी पाहण्यासाठी ती सूक्ष्मदर्शकावर पुन्हा पुन्हा वाकते.

एवढं कळूनही लस मात्र निघालेली नाही. जीडीवर आधारलेल्या लसीची अमेरिका आणि कॅनडातल्या 8,323 स्त्रियांवर चाचणी झाली. 2012 मध्ये निकाल आला तेव्हा एचएसव्ही-2, म्हणजे विषाणूच्या दुसऱ्या प्रकारापासून संरक्षण मिळालं नसल्याचं दिसलं. एचएसव्ही-1 च्या जननेंद्रियाच्या आजाराविरुद्ध थोडा उपयोग झाला होता. एकाच प्रथिनावर भिस्त ठेवणं अपुरं ठरलं, असं तिचं स्पष्ट मत आहे आणि ते पटतं. तिच्या पुढच्या प्लेटमध्ये जीडीविरुद्धच्या अँटिबॉडीशेजारी जीबी आणि जीएच-जीएलविरुद्धच्या अँटिबॉडींच्याही रांगा आखलेल्या आहेत.