ओल, वीज आणि वाराणसीची रिक्षा

श्रावण-भाद्रपदात वाराणसीची गंगा घाटांच्या पायऱ्या एकेक करून गिळू लागते. जलमापकावर ७०.२६ मीटर ही इशाऱ्याची आणि ७१.२६ मीटर ही धोक्याची पातळी ठरलेली आहे. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. २०१६, २०२१ आणि २०२२ या वर्षांतही धोक्याची रेषा ओलांडली गेली. अशा दिवसांत दशाश्वमेध घाटावरची आरती गच्चीवर हलते, मणिकर्णिकेवरचे अंत्यसंस्कारही वरच्या छतावर होऊ लागतात आणि नावांची ये-जा बंद होते. गंगेचे पाणी वरुणेत उलटे शिरते, तेव्हा त्या नदीकाठच्या वस्त्यांत घरांबरोबर दारातली वाहनेही पाण्यात उभी राहतात.

या वाहनांत अलीकडे बॅटरीवर चालणाऱ्या ई-रिक्षांची संख्या मोठी आहे. महाराष्ट्रातून काशीला गेलेला यात्रेकरू स्थानकावरून गोदौलिया किंवा मैदागिनपर्यंत बहुधा याच रिक्षेने येतो आणि तेथून ब्रह्माघाट, दुर्गाघाट या मराठी कुटुंबांच्या जुन्या वस्तीकडे गल्लीबोळांतून पायी जातो. रिक्षा चालवणाऱ्याचे पोट तिच्यावर असते आणि पुष्कळदा ती कर्जावर घेतलेली असते. पाणी ओसरताच ‘सुरू होते का पाहू’ म्हणून तो किल्ली फिरवतो. ही घाई समजण्यासारखी आहे. परंतु खरे नुकसान बहुतेक वेळा त्या क्षणी सुरू होते.

असे का व्हावे? अगदी शुद्ध पाणी विजेचे दुर्बळ वाहक असते. पुराचे पाणी मात्र शुद्ध नसते. त्यात क्षार, गाळ आणि सांडपाणी मिसळलेले असते आणि या क्षारांमुळे ते विजेला वाट देते. दोन तारांच्या टोकांमध्ये अशा पाण्याचा पातळ थर राहिला आणि त्यातून प्रवाह सुरू झाला, की धन टोकाचे तांबे विरघळू लागते. नुसत्या ओलाव्याने ज्या गंजाला आठवडे लागले असते, तो प्रवाह चालू असताना काही तासांत धरू शकतो. म्हणजे ओलीपेक्षा ओलीत चालू ठेवलेली वीज अधिक घातक असते. पहिला नियम यातूनच निघतो : भिजलेल्या वाहनाची किल्ली फिरवू नये, प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी, त्यातही ऋण टोक आधी.

दुसरा गैरसमज असा, की उन्हात वाळले म्हणजे काम झाले. पाणी उडून जाते, पण त्यातले क्षार आणि गाळ जोडणीच्या फटीत तसेच राहतात. क्षार हवेतील दमटपणा शोषतात, म्हणून दुपारी ठीक चालणारी रिक्षा पहाटे अडते. यासाठी गाळ शिरलेल्या जोडण्या सुट्या करून आधी स्वच्छ, शक्यतो बॅटरीत घालतात त्या ऊर्ध्वपातित पाण्याने धुवाव्यात, हवा मारावी आणि मग वाळू द्याव्यात. भिजलेल्यावर पुन्हा पाणी घालणे विचित्र वाटते. परंतु वीज तोडलेली असताना त्या पाण्याने अपाय होत नाही आणि ते क्षार वाहून नेते.

ओल आत शिरते तरी कशी? पावसाचे थेंब आणि पुराचे पाणी हे उघड मार्ग झाले. याखेरीज आणखी तीन छुपे मार्ग आहेत. पहिला केशाकर्षणाचा : तारेच्या बारीक धाग्यांमधून पाणी दिव्याच्या वातीतल्या तेलासारखे चढते आणि आवरणाखाली दूरवर जाते. दुसरा मार्ग यंत्राच्या ‘श्वासा’चा. चालून तापलेली मोटर थंड पाण्यात शिरली, की तिच्यातली हवा आकुंचन पावते. ६० अंश सेल्सियसची हवा ३० अंशांवर आली तर तिचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी घटते; आतील पोकळी एक लिटर असेल, तर जवळजवळ ९० घन सेंटिमीटर पाणी फटीतून ओढले जाऊ शकते. तिसरा मार्ग दवाचा. पौष-माघात वाराणसीवर दाट धुके पसरते. रात्रभर थंडावलेल्या धातूला दमट हवा लागली, की त्यावर दव धरते. पावसाचा थेंब नसतानाही जोडण्या ओल्या होतात.

बर्फाळ प्रदेशांत बर्फावरून धावणाऱ्या ज्या यांत्रिक गाड्या वापरतात, त्यांचीही हीच कथा आहे. तापलेल्या इंजिनावर उडालेला बर्फ वितळून जोडण्यांत झिरपतो आणि गाडी उभी राहिली की तेथेच गोठतो. थंडीतून उबदार खोलीत आणलेल्या गाडीवर दव धरते. हवामान वेगळे असले, तरी निदानाची रीत तीच राहते.

त्या रीतीचा आरंभ हत्याराने न करता प्रश्नाने करावा : बिघाड केव्हा होतो? फक्त पहाटे होत असेल तर दवाचा किंवा उरलेल्या क्षारांचा संशय घ्यावा. फक्त पावसात होत असेल तर पाणी शिरण्याची वाट शोधावी. आणि पुरानंतर तो कायमचा झाला असेल तर गंजाचा विचार करावा. मग डोळ्यांनी पाहावे. तांब्यावरचा हिरवा थर, बॅटरीच्या टोकांवरची पांढरट पूड, काळवंडलेले किंवा वितळलेले प्लास्टिक या खुणा निम्मे निदान सांगून जातात.

त्यानंतर मापन, आणि तेही उगमाकडून शेवटाकडे. अनेक ई-रिक्षांत १२ व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ४८ व्होल्ट मिळवलेले असतात. पूर्ण भरलेली प्रत्येक बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. येथे एक फसगत संभवते. गंजलेल्या जोडणीतूनही मापक पूर्ण दाब दाखवतो, कारण मापकाला लागणारा प्रवाह नगण्य असतो. मोटर भार ओढू लागल्यावरच जोडणीचे सोंग उघडे पडते. समजा, गंजाने तेथे एक दशांश ओहम रोध निर्माण केला आणि मोटर ३० अँपिअर ओढत आहे. तर त्या एकाच जागी ३ व्होल्ट खर्ची पडतात आणि ९० वॅट उष्णता निर्माण होते. जुन्या ६० वॅटच्या दिव्याच्या दीडपट हे आच एका बोटाएवढ्या जोडणीत! प्लास्टिक वितळते ते यामुळे. म्हणून भार चालू असताना जोडणीच्या दोन्ही बाजूंना मापक लावून पाहावे. चांगल्या जोडणीत दाब जवळजवळ पडत नाही.

दोष सापडत नसेल तर मार्गाचे दोन भाग करावेत. मधल्या बिंदूपर्यंत वीज नीट येत असेल तर दोष पुढे, नसेल तर मागे. पुन्हा उरलेल्या भागाचे दोन भाग. सोळा जोडण्यांपैकी सदोष ती एक अशा रीतीने चार पायऱ्यांत सापडते. फ्यूज वारंवार उडत असेल, तर त्या जागी जाड तार बसवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. फ्यूज हा पहारेकरी आहे; तो ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधल्याने चोर पळत नाही.

वेग नियंत्रित करणाऱ्या मुठीकडे विशेष लक्ष हवे. तिच्यातून नियंत्रकाकडे अत्यल्प दाबाचा संकेत जातो. तेथे ओल साचून तारांमध्ये गळती झाली, तर मूठ न पिळताही रिक्षा चालू लागण्याचा संभव असतो. म्हणून भिजलेल्या रिक्षेची पहिली चाचणी मागची चाके जमिनीपासून उचलून, पक्का आधार देऊनच घ्यावी.

सर्वांत गंभीर बाब चार्जरची. रिक्षेचे ४८ व्होल्ट आणि भिंतीतले २३० व्होल्ट यांत जीवन-मरणाचे अंतर आहे. ओल्या जमिनीवर उभे राहून, ओल्या हाताने चार्जर लावणे म्हणजे प्राण पणाला लावणे होय. कोरड्या जागी असलेले मुख्य बटन प्रथम बंद करावे; तेथवर पाण्यातून जावे लागत असेल तर वीजकर्मचाऱ्यांची वाट पाहावी. पक्के भूसंयोजन आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला प्रवाह तोडणारे उपकरण यांवरचा खर्च हा खर्च मानू नये. लिथियमची बॅटरी पाण्यात बुडाली असेल, तर ती वरून कोरडी दिसली तरी चार्ज करू नये; तिच्यातून काही दिवसांनीही आग उद्भवू शकते. ती मोकळ्या जागी ठेवून जाणकाराच्या स्वाधीन करावी.

पुढच्या पावसाळ्याची तयारी स्वस्त आणि सोपी आहे. जोडण्या घासून स्वच्छ कराव्यात, बॅटरीच्या टोकांना व्हॅसलिन लावावे, रबरी टोप्या बसवाव्यात. पेटीत शिरण्यापूर्वी तारेला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी त्या झोळावरून गळून जाते. पेटीचे तोंड खाली असावे आणि तळाशी निचऱ्याचे छिद्र मोकळे असावे. सगळीकडून बंद केलेली पेटी आत आलेले पाणीही कोंडून ठेवते. आणि पाणी चढण्याची वार्ता येताच रिक्षा उंचावर न्यावी, किंवा निदान बॅटरी सोडवून ठेवावी.

पूर ओसरल्यावर वाराणसीत घाटांवरचा गाळ पाण्याच्या फवाऱ्यांनी धुऊन काढतात. पायऱ्या दिसू लागल्या म्हणून तो तसाच वाळू देत नाहीत, कारण वाळलेला गाळ दगडासारखा घट्ट होतो. रिक्षेच्या बाबतीतही हाच क्रम हवा : आधी वीज तोडावी, मग धुवावे, मग वाळवावे, मग तपासावे आणि सर्वांत शेवटी किल्ली फिरवावी. यात दोन-तीन दिवसांची कमाई बुडेल हे खरे. परंतु त्या दिवसांच्या मोबदल्यात रिक्षा वाचते, आणि चालवणाराही.