तिघींची एक डायरी

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी प्रोग्रेस सेमिनारमध्ये मला साधाच प्रश्न आला: "या ७ मुलाखती विश्लेषणातून का वगळल्या?" वगळल्या मीच होत्या, पण कारण काही केल्या आठवेना. लॅपटॉपवर 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरंच' अशा फायली होत्या. निर्णय का घेतला ते कुठेच नव्हतं. त्या मुलाखती पुन्हा ऐकण्यात ३ आठवडे गेले.

त्यानंतर मी दोन मैत्रिणींबरोबर ऑनलाइन डायरी सुरू केली. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर आत्ताच सुरू करा, गाइड मिळायची वाट बघू नका.

एकट्याची वही का नाही? कारण स्वतःसाठी लिहिताना आपण फार चलाख असतो. मी लिहायचे, "आज डेटा साफ केला." झालं! वाचणारी मैत्रीण रसायनशास्त्राची. ती लगेच विचारायची, साफ म्हणजे काय केलंस? किती काढलंस? कशावरून ठरवलंस? तिला उत्तर देताना जे लिहिलं जायचं, तेच पुढे पद्धतीच्या प्रकरणात जवळजवळ जसंच्या तसं गेलं. म्हणून गटात एक तरी जण दुसऱ्या विषयाचा हवा. तीन-चारजण पुरे, जास्त झाले की लोक छान दिसण्यासाठी लिहू लागतात.

कल्पना जुनीच आहे. १९९९ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिकने लाइव्हजर्नल सुरू केलं ते मित्रांना आपली खबरबात कळावी म्हणून. तिथे प्रत्येक नोंद सर्वांसाठी, फक्त मित्रांसाठी की फक्त स्वतःसाठी, हे ठरवता यायचं. आपल्याला शेवटचे दोन कप्पे लागतात. गूगल डॉक्सवर प्रत्येकाची एक फाइल करा. मित्रांना ईमेलने जोडा आणि फक्त कमेंटची परवानगी द्या. लिंक असलेल्या कोणालाही उघडेल असं ठेवू नका. स्वतःपुरती फाइल वेगळी. गाइडवरचा राग तिथे! (स्क्रीनशॉट काढायला क्षण लागतो.)

नोंदींना तारखेबरोबर क्रमांकही द्या. मायकेल फॅरडेच्या प्रयोगवहीतल्या परिच्छेदांना क्रमांक आहेत, तेही १६,००० च्या पुढे. "नोंद ४२ बघ" एवढं म्हटलं की शोधाशोध वाचते.

एक गोष्ट मात्र कडक पाळा. मुलाखत देणाऱ्याने संमती तुम्हाला दिलेली असते, तुमच्या मित्रांना नाही. नाव, गाव, ओळख पटेल असा तपशील डायरीत नको. 'म-०७' असा संकेत वापरा आणि त्याची यादी दुसरीकडे ठेवा. पेटंट होऊ शकेल असं काम असेल तर आधी गाइडशी बोला. अर्ज करण्यापूर्वी बाहेर सांगितलेली गोष्ट पुढे अडचणीची ठरू शकते.

रोज लिहिणं जमत नाही, मलाही नाही. आठवड्यातून दोनदा पाच-सहा ओळी लिहा: काय ठरवलं, का ठरवलं, कुठे अडलं. पहिल्या नोंदीत काय लिहावं सुचत नसेल तर कोणता विषय निवडला आणि कोणते सोडले ते लिहा. सोडलेल्यांबद्दल जरा जास्त.