वीर स्थानकाची पिवळी पाटी

महाडला जायला वीरला उतरलात, की रिक्षाकडे धावण्याआधी फलाटाच्या टोकाची पाटी बघाच. पिवळ्यावर ठसठशीत काळी अक्षरं, लांबूनही वाचता येणारी. रेल्वेच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहितात, ती मला फार आवडते! अशा पाट्या टिपणारे रेल्वेवेडे आपल्याकडच्या इंटरनेटहून जुने. अमेरिकेतल्या काही भारतीय विद्यार्थ्यांनी इंडियन रेल्वेज फॅन क्लब सुरू केला १९८९ मध्ये; भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. कोकण रेल्वे रोह्याहून १९९३ मध्ये आधी वीरपर्यंतच आली होती. २०२१ मध्ये हा रोहा-वीर मार्ग दुहेरी झाला. कुणाकडे वीरच्या पाटीचा १९९३ च्या सुमाराचा फोटो असेल, अगदी अंधुकसुद्धा, तर स्कॅन करून सालासकट नक्की टाका.