घर दोघांचं, मग टेबल एकट्याचंच का?

हल्ली कुणाकडे हळदीकुंकवाला जा की डोहाळजेवणाला, बायकांच्या बोलण्यात विषय एकच, जागेचा. "तुम्ही कुठे बुक केलीत?" "हप्ता किती बसतो?" "गाडी लावायला जागा मिळाली का?" आमच्या नाशकात पाथर्डी फाट्याकडे जा नाहीतर गंगापूर रस्त्याला, जिकडे तिकडे परांच्या बांधलेल्या दिसतात. त्यात २०२० च्या टाळेबंदीपासून आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. "ह्यांच्या ऑफिसच्या कामाला वेगळी खोली आहे ना?"

या 'ह्यांच्या' शब्दापाशी मी नेहमी अडते. मी अर्धवेळ शिक्षिका आहे. सकाळी शाळा, संध्याकाळी घरी शिकवणीची सहा मुलं. पेपर तपासायचे ते जेवणाच्या टेबलावर, तेही ताटं मांडायच्या आत उचलायचे. माझ्यासारख्या कितीतरी जणी आहेत. कुणी शिवणकाम करते, कुणी हिशेब लिहून देते, कुणी घरून विम्याचं काम बघते. या कामाला घरात जागा मागितली की "अगं, तुझं काय, कुठेही बसून होतं" हे उत्तर ठरलेलं! मला वाटतं, जागा मागायची ती घर घेतानाच. एकदा फर्निचर लागलं की कोपरासुद्धा शिल्लक राहत नाही.

आधी पैशाचा हिशेब करू, कारण तिथेच आपली बाजू भक्कम आहे. चाळीस लाखांचा फ्लॅट धरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस ते पंचाहत्तर लाखांच्या गृहकर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते, म्हणजे जास्तीत जास्त बत्तीस लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत, ती आपल्या खिशातून. बत्तीस लाखांना साडेआठ टक्के व्याज धरलं, तर वीस वर्षांच्या मुदतीला हप्ता सुमारे २७,८०० रुपये येतो आणि पंधरा वर्षांच्या मुदतीला सुमारे ३१,५००. फरक महिन्याला पावणेचार हजारांच्या आसपासचा. पण व्याजातला एकूण फरक बघा, जवळजवळ दहा लाख रुपये!

हे पावणेचार हजार कुठून येणार? बहुतेक घरांत नवऱ्याच्या पगारातून येणार नाहीत, तो आधीच वाटला गेलेला असतो. ते येतात शिकवणीतून, शिवणातून, आपल्या 'कुठेही बसून' होणाऱ्या कामातून. म्हणजे ज्या टेबलाला घरात हौस म्हणतात, ते टेबल कर्जाची पाच वर्षं कमी करू शकतं. हा हिशेब मी कागदावर मांडून आमच्या ह्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, "हिला खिडकीकडची बाजू द्या रे."

आता टेबलाला जागा किती लागते ते पाहू. चार फूट लांब नि दोन फूट रुंद टेबल, आणि खुर्ची मागे सरकवायला तीन फूट, म्हणजे चार बाय पाच, वीस चौरस फूट. एवढी जागा दहा बाय अकराच्या खोलीत सहज मिळेल असं वाटतं, पण सहा फुटी पलंग आणि दोन फुटी कपाट समोरासमोर टाकून पाहा, मधे येण्याजाण्यापुरती वाट तेवढी उरते. सँपल फ्लॅट पाहून तर मुळीच फसू नका. तिथले पलंग मी टेपने मोजले आहेत, साडेपाच फुटांचेही निघाले! आतल्या खोल्यांना दारंही लावलेली नसतात, म्हणून सगळं ऐसपैस दिसतं. पर्समध्ये टेप ठेवा आणि आपल्याच घरातल्या पलंगाचं, कपाटाचं माप लिहून न्या. बिल्डरचा माणूस हसला तर हसू दे.

माप विचाराल ते कारपेटचंच विचारा, मराठीत चटई क्षेत्र. २०१६ च्या रेरा कायद्याने त्याची व्याख्या पक्की केली आहे. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळायची, आतल्या भिंती मात्र धरायच्या. आपल्याकडे महारेराचं काम १ मे २०१७ पासून सुरू झालं. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घेऊन त्यांच्या संकेतस्थळावर नकाशे, परवानग्या, ताब्याची तारीख सगळं घरबसल्या पाहता येतं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. करारनामा करून त्याची नोंदणी होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. "आज पंचवीस टक्के भरा, भाव वाढणार आहे" असं कुणी म्हटलं तर सरळ चप्पल पायात घालावी.

मला सगळ्यात काळजी वाटते ती सहीची. माझ्या एका मैत्रिणीने बँकेत कर्जाच्या कागदांवर सह्या केल्या. तिचा पगार धरला म्हणून कर्ज जास्त मिळालं, आणि सात वर्षं अर्धा हप्ता तिच्या खात्यातून गेला. पुढे घरात वाद झाले तेव्हा कागद काढले, तर करारनाम्यावर तिचं नावच नाही. ती फक्त सहकर्जदार! कर्ज फेडायची जबाबदारी पुरेपूर, मालकी मात्र कागदावर शून्य. बँकेचे कागद वेगळे आणि खरेदीचा करारनामा वेगळा हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा खरेदीदार म्हणून आपलं नाव करारनाम्यात आहे का, ते पहिल्याच पानावर वाचा. नोंदणी झाल्यावर 'सूची दोन' नावाचा उतारा मिळतो, त्यातही पाहा. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लावलंय यावर समाधान मानू नका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

नाव लावायचं म्हटलं की घरात तोंडं वाकडी होतात, तिथे सरकारी सवलत कामी येते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून, राहती जागा फक्त बाईच्या नावावर घेतली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. चाळीस लाखांवर चाळीस हजार. आधी अशी जागा पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये काढून टाकली. नवराबायको दोघांच्या नावावर घेतली तर मात्र ही सवलत मिळत नाही. एकटीचं की दोघांचं, हे ज्याच्या त्याच्या घरावर आहे. आम्ही दोघांचं लावलं आणि चाळीस हजार सोडले. मला ते पटतं. शेजारणीला अजिबात पटत नाही.

कागद झाले की खरी मजा, टेबल कुठे टाकायचं ती. बांधकाम चालू असेल तर भिंतीला गिलावा होण्याच्या आत वायरमनला गाठा. टेबलाच्या वर हात पोचेल असे चार साधे प्लग मागून घ्या. संगणक, दिवा, मोबाईल यांना साधा पाच-सहा अँपिअरचा प्लग पुरतो. इन्व्हर्टर घेणार असाल तर पंखा आणि दिव्याबरोबर इंटरनेटच्या डबीचा प्लगही त्यावर जोडायला सांगा. हे बरेच जण विसरतात, आणि वीज गेली की दिवा चालू पण काम बंद!

पश्चिमेची भिंत टाळा. उन्हाळ्यात दुपारनंतर ती तव्यासारखी तापते. उजव्या हाताने लिहिणारीला उजेड डावीकडून हवा. संगणकाचा पडदा खिडकीच्या समोर किंवा पाठीशी न ठेवता आडवा ठेवावा, म्हणजे डोळ्यांवर चमक येत नाही. सुताराला उंची एकोणतीस इंच सांगा. "ओट्याएवढंच करतो" म्हणाला तर हो म्हणू नका, ओटा उभ्याने काम करायचा असतो. बाल्कनी बंद करून तिथे बसायचा बेत पुष्कळांचा असतो, पण त्याला महापालिकेची परवानगी लागते आणि पावसाळ्यात वह्या भिजतात त्या वेगळ्याच. आणि पडद्यावर भागवू नका, दार हवं. पलीकडे हे फोनवर मीटिंगमध्ये, अलीकडे माझी सहा मुलं पाढे म्हणताहेत आणि स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी, असं एकदा झालं की दाराची किंमत कळते.

शिकवणी किंवा शिवण घरी चालवायचं तर सोसायटीला अर्ज द्या आणि परवानगी लेखी घ्या. तोंडी "चालेल हो वहिनी" पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकतं. विजेच्या दराची भीती घालणारेही भेटतात. महावितरणच्या २०२० च्या दर-आदेशात, घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटांपर्यंत असेल तर घरगुती दरच लागेल अशी सोय होती. सध्याचं काय ते आपल्या भागाच्या कार्यालयात विचारून घ्यावं.

ताबा घ्यायला जाल तेव्हा नारळाबरोबर मोबाईलचा चार्जर न्या आणि एकेका प्लगमध्ये लावून पाहा. आमच्याकडे अकरापैकी तीन मुके निघाले, त्यातले दोन नेमके माझ्या टेबलावरचे! ते ताब्याच्या कागदावर लिहून मगच सही केली. रेरा कायद्यानुसार बांधकामातल्या दोषांची दुरुस्ती ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरनेच विनाखर्च करून द्यायची असते. वायरमन आठ दिवसांनी आला, आणि सोमवारी मुलं शिकवणीला आली तेव्हा दिवा लागला होता.